साध्या मँडोलिनची कहाणी

वाद्यांच्या दुकानात शिरलेल्या माणसाचे डोळे आधी कामाला लागतात आणि कान मागाहून. भिंतीवर टांगलेल्या वाद्यांपैकी ज्याच्या कडेला शिंपल्याची नक्षी आहे आणि ज्याच्या अंगावर आरशासारखी झिलई आहे, तेच तो प्रथम हातात घेतो. तार छेडण्यापूर्वी त्याचे अर्धे मत बनून गेलेले असते. मिरजेस जाऊन ज्यांनी तंबोरा निवडला असेल, त्यांना ही गोष्ट नव्याने सांगावयास नको. भोपळ्यावरची वेलबुट्टी कोणालाही दिसते. जवारी कशी लागली आहे हे मात्र कानालाच कळते. म्हणूनच जाणता गवई तंबोरा पाहत नाही, ऐकतो.

डोळ्यांचे आणि कानांचे हे जुने भांडण ज्या वाद्याच्या इतिहासात फार ठळकपणे दिसते, त्या मँडोलिनविषयी आज दोन शब्द बोलावयाचे आहेत. मँडोलिन आपल्याला परके नाही. हिंदी चित्रपटांचे संगीतकार सज्जाद हुसेन यांनी या वाद्यावर आपले रागसंगीत उतरवून दाखविले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील लक्ष्मीकांत कुडाळकर हे संगीतकार म्हणून नावारूपास येण्यापूर्वी मँडोलिनवादक होते. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी पाच तारांच्या विद्युत् मँडोलिनवर कर्नाटक संगीत असे वाजविले, की हे वाद्य मूळचे पाश्चात्त्यांचे, हे श्रोते विसरून गेले. परंतु पोटासाठी वाजविणाऱ्या वादकाच्या हाती चांगल्या आवाजाचे आणि साध्या रूपाचे मँडोलिन कसे आले, याची कहाणी मुख्यतः अमेरिकेत घडली. तिचा आरंभ मात्र इटलीत आहे.

अठराव्या शतकाच्या मध्यास नेपल्स शहरात विनाच्चिया या कारागीर घराण्याने जे मँडोलिन घडविले, त्याचा घाट अर्ध्या कापलेल्या भोपळ्यासारखा होता. लाकडाच्या अरुंद पातळ पट्ट्या वाकवून, एकमेकींना चिकटवून त्याची फुगीर पाठ तयार होई. तारांच्या चार जोड्या व्हायोलिनच्याच स्वरांत मिळविलेल्या असत. पुढे एकोणिसाव्या शतकात याच घराण्यातील पास्क्वाले विनाच्चिया यांनी पोलादी तारा, त्या ताणून धरणाऱ्या यांत्रिक खुंट्या आणि लांब पडदेपट्टी यांची जोड देऊन वाद्याला आजचे बळ दिले. त्या काळीही दोन प्रकारची मँडोलिने बनत. एक श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी, कासवाच्या पाठीचे आणि शिंपल्याचे जडावकाम केलेले. दुसरे न्हाव्याच्या दुकानात, गल्लीच्या तोंडाशी, लग्नाच्या मांडवात वाजणारे, बिनसजावटीचे. आपल्या देशातून निघालेल्या गरीब इटालियन माणसाने बोटीवर जे मँडोलिन बरोबर नेले असेल, ते बहुधा या दुसऱ्या प्रकारातले असणार.

अमेरिकेत मँडोलिनचे वेड पसरले ते एका गमतीदार गैरसमजातून. 1880 च्या जानेवारीत ‘स्पॅनिश स्टुडंट्स’ या नावाने ओळखले जाणारे वादकांचे एक पथक न्यूयॉर्कला आले. त्यांच्या हातांत बांदुरिया नावाचे स्पॅनिश वाद्य होते. ऐकणाऱ्यांना ते मँडोलिनच वाटले. न्यूयॉर्कमधील इटालियन वादकांनी ही संधी ओळखली. कार्लो कुर्ती यांच्या पुढाकाराने त्यांनी तसाच स्पॅनिश वेष चढविला, तेच नाव घेतले आणि हाती मात्र आपली मँडोलिने घेऊन ते गावोगाव कार्यक्रम करू लागले. पाहता पाहता गावागावांत मँडोलिनची मंडळे निघाली आणि शिकागोसारख्या शहरांतील कारखान्यांतून वाद्ये भराभर बाहेर पडू लागली.

याच सुमारास मिशिगन राज्यातील कॅलामझू गावी ऑर्व्हिल गिब्सन नावाचा एक गृहस्थ मोकळ्या वेळात वाद्ये घडवीत होता. त्याचा जन्म 1856 सालचा. चरितार्थासाठी जोड्यांच्या दुकानात त्याने नोकरीही केली होती. लाकूड वाकवून ताणात ठेवले की त्याचे कंपन कोंडते, अशी त्याची समजूत होती. म्हणून त्याने लाकूड वाकविण्याऐवजी कोरावयाचे ठरविले. व्हायोलिनप्रमाणे वाद्याची तबली आणि पाठ जाड फळीतून पटाशीने कोरून काढावयाची, मध्ये किंचित् उंच आणि कडेकडे उतरती. बाजूसुद्धा अखंड लाकडातून कापावयाच्या. या रचनेचे पेटंट त्याला 1898 साली मिळाले. 1902 साली कॅलामझूमधील पाच व्यावसायिकांनी त्याच्या नावाची कंपनी काढली आणि त्याचे पेटंट विकत घेतले. अखंड लाकडातून बाजू कापण्याचा त्याचा आग्रह कंपनीने पुढे सोडून दिला. परंतु कोरलेली तबली मात्र राहिली, आणि मँडोलिनचा आवाज तिने कायमचा बदलून टाकला.

गिब्सनच्या मँडोलिनचे दोन घाट होते आणि आपल्या कहाणीचा सारा कथाभाग या दोन घाटांत साठविलेला आहे. पहिला ‘ए’ घाट. तो पेरूसारखा, खाली रुंद आणि वर निमुळता. ना कोठे वळसा, ना कोठे टोक. दुसरा ‘एफ’ घाट. त्याच्या डाव्या खांद्यावर गोगलगाईच्या शंखासारखा आत वळत गेलेला लाकडी वळसा आणि दुसऱ्या अंगाला पुढे आलेली टोके. पाहताक्षणी नजर ठरते ती या दुसऱ्यावर. मात्र हा वळसा कोरावयाचा, त्याच्या अवघड वळणांतून कडेची नाजूक पट्टी फिरवावयाची आणि तिथले सांधे बेमालूम बुजवावयाचे, तर कुशल कारागिराचे कितीतरी तास त्यात खर्ची पडतात. त्या श्रमाचा आवाजाला उपयोग किती? बहुतेक जाणत्या कारागिरांचे उत्तर असे, की फारच थोडा. वळसा बव्हंशी भरीव लाकडाचा असतो; आवाज घुमतो तो मधल्या पोकळीत आणि कोरलेल्या तबलीत. वळशाचा एक व्यावहारिक फायदा मात्र सांगितला पाहिजे: गळ्यात अडकवावयाचा पट्टा त्याला सोयीने बांधता येतो. साध्या घाटाच्या वादकाला तो दांडीच्या मुळाशी किंवा खुंट्यांच्या शेजारी बांधावा लागतो.

गिब्सन कंपनीने आपल्या मालाची एक शिडीच रचली होती. सर्वांत खालच्या पायरीवर नुसते ‘ए’. मग ए-1, ए-2, ए-3, ए-4. त्यांच्या वर एफ-2 आणि एफ-4. पायरी चढत जावे तसे कडेच्या पट्ट्या, शिंपल्याची फुले आणि रंगछटा वाढत जात. ‘ए’ घाटातल्या पायऱ्यांत वाद्याची मूळ बांधणी मात्र तीच राही. कंपनीचे विक्रेते बहुधा संगीतशिक्षकच असत. ते शिष्यांना हप्त्याने वाद्ये मिळवून देत आणि त्यांचीच वाद्यवृंदे उभी करीत. दुकानातील कारकून, शाळामास्तर आणि कारखान्यातील कामगार यांनी जी वाद्ये घेतली, त्यांत साधी ‘ए’ फार मोठ्या संख्येने होती. शंभर वर्षे लोटल्यावरही त्यांतली कित्येक आज वाजत आहेत आणि त्यांच्या गोल, गोड आवाजाची तारीफ होते. हा पहिला धडा. येथे काटकसर झाली ती दागिन्यांत. आवाजाला कोणी हात लावला नाही.

दुसरा धडा पहिल्या महायुद्धाने दिला. 1918 च्या सुमारास कंपनीने सैनिकांसाठी ‘आर्मी-नेव्ही’ नावाचे मँडोलिन काढले. आकाराने भाकरीसारखे वाटोळे. तबली सपाट, पाठही सपाट. पटाशीचे काम अजिबात नाही. स्वस्त, हलके आणि पाठपिशवीबरोबर सहज नेता येण्याजोगे. येथे मात्र काटकसर सजावटीवर थांबली नाही. ती तबलीच्या कोरीवकामापर्यंत पोहोचली. आवाज वेगळा झाला. तो वाईट होता असे म्हणता येणार नाही. छावणीतल्या एकट्या माणसाला सोबत करण्याइतका तो गोड होता, आणि 1980 च्या आसपास माँटाना राज्यातील फ्लॅटआयर्न या कारखान्याने याच घाटावर नवी मँडोलिने काढली तेव्हा त्यांनाही चाहते मिळाले. परंतु दहा-पाच वाद्यांच्या गलक्यातून आपला स्वर मागच्या रांगेपर्यंत पोहोचविणे, हे कोरलेल्या तबलीचे काम आहे. तेव्हा साधेपणा एका प्रकारचा नसतो, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. एक साधेपणा वस्तूच्या अंगावरचे काढतो. दुसरा तिच्या आतले काढतो. नावाने दोन्ही साधीच, पण वादकाला त्यांतला भेद पहिल्याच कार्यक्रमात कळून येतो.

तिसरा धडा सर्वांत मनोरंजक आहे. 1919 साली लॉइड लोअर नावाचे संगीतज्ञ गिब्सन कंपनीत आले. ते स्वतः उत्तम वादक होते आणि ध्वनिशास्त्राची त्यांना ओढ होती. 1922 साली त्यांच्या देखरेखीखाली ‘एफ-5’ हे मँडोलिन तयार झाले. तबलीवरचे लंबगोल छिद्र जाऊन तेथे व्हायोलिनसारखी दोन लांब छिद्रे आली. दांडी पोकळीपासून अधिक बाहेर निघाल्यामुळे वरचे पडदे हाताशी आले. तबली आणि तिच्या आतल्या आधारपट्ट्या ठोकून, ऐकून, पुन्हा किंचित् तासून स्वरात आणल्या जात. अशा निवडक वाद्यांच्या आत लोअर यांच्या स्वाक्षरीची चिठ्ठी असे. ही नवी रचना त्यांनी वळशाच्या घाटात बसविली. पण 1923 साली तीच रचना एका साध्या पेरूच्या घाटातही उतरविली गेली. लोअर यांच्या स्वाक्षरीचे असे ‘ए-5’ आजवर एकच उजेडात आले आहे. सजावटीचा फापटपसारा टाकून उत्तमातला उत्तम आवाज साध्या देहात ठेवता येतो, याचा दाखला कारखान्याने एकदा घडविला आणि पुढे तो जणू विसरूनही गेला.

विसरण्यास काळही अनुकूल होता. जाझ संगीत आले, नाचाच्या दिवाणखान्यात बँजोचा कडकडाट लोकांना आवडू लागला आणि मँडोलिनची मंडळे ओस पडली. एफ-5 खपेना. 1924 च्या अखेरीस लोअर यांनी कंपनी सोडली.

यानंतर वीसएक वर्षांनी फ्लॉरिडातील एका न्हाव्याच्या दुकानात एक जुने एफ-5 विक्रीला ठेवलेले होते. बिल मन्रो नावाच्या वादकाने ते दीडशे डॉलरला घेतले. केंटकी राज्यातील रोझीन या खेड्यात 1911 साली मन्रोचा जन्म झाला. घरात तो धाकटा. व्हायोलिन आणि गिटार थोरल्या भावांनी आधीच धरलेली, म्हणून याच्या वाट्याला मँडोलिन आले. तेही आवाज फार होऊ नये म्हणून भावांनी आठाऐवजी चारच तारा ठेवावयास लावल्या, अशी आठवण सांगितली जाते. या धाकट्या भावाने पुढे ‘ब्लूग्रास’ या नावाने प्रसिद्ध झालेली संगीताची एक नवी पद्धतच निर्माण केली. तिच्यात मँडोलिन केवळ चाल वाजवीत नाही. ठेक्याच्या उलट्या अंगावर, तारा क्षणमात्र दाबून सोडलेल्या तुटक आघातांनी ते ढोलकीवाल्याची जबाबदारीही उचलते. त्या आघाताला जो कोरडा, धारदार स्वर लागतो, तो एफ-5 च्या अंगी होता.

येथे डोळ्यांनी कानांवर मात केली. मन्रोच्या मँडोलिनला वळसा होता, म्हणून प्रत्येक वादकाला वळसाच हवा झाला. वळशाचे वाद्य हाती नसेल तर हा कसला ब्लूग्रास वाजविणारा, अशी समजूत रूढ झाली. ज्या गुणांमुळे ते वाद्य तसे वाजत होते, ती छिद्रे, ती दांडीची बैठक आणि ती तबलीची जाडी, यांकडे लक्ष कमी. मिरवत राहिला तो खांद्यावरचा शंख. गंमत अशी, की खुद्द मन्रोला वाद्याच्या दर्शनी रूपाचे फारसे अप्रूप नसावे. दुरुस्तीवरून कंपनीशी बिनसले तेव्हा त्याने माथ्यावरचे कंपनीचे नाव चाकूने खरवडून टाकले आणि ते ओरखडलेले वाद्य घेऊन तो वर्षानुवर्षे रंगमंचावर उभा राहिला. आवाजात तिळमात्र उणे आले नाही.

या वेडाची किंमत मोजली ती साध्या वादकाने. शनिवारी एका गावच्या जत्रेत, रविवारी दुसऱ्या गावच्या सभागृहात वाजवावयाचे, मिळेल त्या बिदागीतून गाडीचे तेल आणि घरचे दूध भागवावयाचे, अशा माणसाला लोअर यांच्या स्वाक्षरीचे वाद्य स्वप्नातही परवडण्याजोगे राहिले नाही. नव्या कारागिराकडून वळशाचे घ्यावे, तर किमतीचा मोठा भाग त्या वळशालाच जाई. थोड्या पैशांत वळसा हवा असेल, तर आवाजात तडजोड करावी लागे. म्हणजे वादकाने आपल्या कष्टाच्या पैशातून आधी पाहणाऱ्यांच्या डोळ्यांचे देणे फेडावयाचे, आणि काही उरलेच तर स्वतःच्या कानांचे.

ही कोंडी फुटली ती 1970 नंतर. तरुण कारागीर जुनी एफ-5 उघडून, मोजून, अभ्यासून स्वतंत्रपणे वाद्ये घडवू लागले आणि त्यांतल्या काहींनी त्या विसरलेल्या ‘ए-5’ ची वाट धरली. माइक केम्नित्झर यांनी ‘नगेट’ या नावाने घडविलेले साध्या घाटाचे मँडोलिन टिम ओब्रायन या वादकाने हाती घेतले आणि त्यावर कीर्ती मिळविली. साधे वाद्य घेऊन मोठ्या रंगमंचावर मानाने उभे राहता येते, हे असे लोकांनी पाहिले. गिटारचे कारागीर म्हणून नावाजलेल्या बिल कॉलिंग्ज यांनी टेक्सासमधील ऑस्टिन येथे 1999 साली मँडोलिने बनविण्यास आरंभ केला. त्यांचे ‘एमटी’ हे पेरूच्या घाटाचे, बेताच्या सजावटीचे आणि मंद झिलईचे मँडोलिन कार्यक्रम करणाऱ्या वादकांत लवकरच मान्यता पावले. पुढे चीनमध्ये ईस्टमन या नावाने बनणाऱ्या साध्या मँडोलिनांनी कोरलेल्या अखंड लाकडाची तबली आणखी अल्प किमतीत आणून दिली.

या नव्या साध्या मँडोलिनांचे रहस्य काय? रहस्य असे काही नाही, हिशेब आहे. कारागिराचे तास मोजके असतात. वळशाचे तास वाचले. आरशासारखी झिलई चढवून ती घासत बसण्याचे तास वाचले. शिवाय जाड झिलई लाकडाच्या कंपनाला जडच होते, तेव्हा पातळ लेपाने उलट हितच झाले. शिंपल्याची फुले गेली. ओबडधोबड कोरीवकाम आता पुष्कळ ठिकाणी संगणकाच्या आज्ञेत चालणारी यंत्रे करतात. हे वाचलेले तास दोन ठिकाणी जाऊ शकतात. ते तबलीकडे गेले, म्हणजे फळी बोटांनी वाकवून पाहणे, ठोकून ऐकणे, कडेला केसभर तासून पुन्हा ऐकणे याकडे गेले, तर वाद्य साधे आणि उत्तम होते. तेथूनही काढून घेतले गेले, तर ते केवळ स्वस्त होते. दुकानाच्या भिंतीवर दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून साधे वाद्य विकत घेणाऱ्याला नटव्या वाद्याच्या गिऱ्हाइकापेक्षा अधिक चोख कान लागतो; त्याला भुलविण्यासारखे तेथे काही नसते, आणि आधार देण्यासारखेही काही नसते.

वळसा कोरणाऱ्या कारागिरांना यातून कमी लेखावयाचे नाही. तो वळसा देखणा आहे, कारागिराच्या हाताची ती परीक्षा आहे आणि मनुष्याला आपल्या आवडत्या वस्तूवर अलंकार घालावासा वाटणे हेही स्वाभाविक आहे. ज्याला परवडेल त्याने तो अवश्य घ्यावा. प्रश्न एवढाच, की अलंकार परवडत नाही म्हणून कोणा वादकाच्या वाट्याला मुका आवाज यावा काय? एका शतकाचा हा इतिहास पाहता त्याचे उत्तर ‘नाही’ असे देता येते. 1923 सालीच ते देता आले असते. मधली अनेक वर्षे पाहणाऱ्यांच्या समजुतीने खाल्ली.

जाता जाता एका गोष्टीची आठवण करून द्यावीशी वाटते. बिल मन्रो 1939 च्या ऑक्टोबरात नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कार्यक्रमात दाखल झाला. हा कार्यक्रम रेडिओवरून प्रसारित होत असे. दूरदूरच्या शेतघरांतून ज्यांनी तो स्वर प्रथम ऐकला, त्यांना वादकाच्या हातातले वाद्य दिसतच नव्हते. त्याला वळसा आहे की नाही, कडेला शिंपला आहे की नाही, याची वार्ताही त्यांना नव्हती. दिव्याच्या उजेडात बसून त्यांनी नुसते ऐकले, आणि एवढ्यावरच त्यांना तो आवडला. आपणही या क्षणी असेच ऐकत आहा. पुढे कधी मँडोलिनचे सूर कानी पडले आणि ते कोणत्या घाटाचे असेल असा प्रश्न मनात आला, तर तो क्षणभर बाजूस ठेवून आधी ते सूर पूर्ण ऐकून घ्यावेत.